तिथीची पाऊणपट

अमळनेरहून धुळं तासाभरात, तिथून नाशिक तीन-साडेतीन तास. आमचं प्रवासाचं गणित एवढंच. अलिबाग ते गणपतीपुळे किनारा धरून, गाडीतच झोपत जायचं ठरलं तेव्हाही मी वहीत अंतरंच मांडली.

भाड्याच्या कॅम्परव्हॅनची अनामत ऐकली आणि फोन ठेवला. मग घरचीच मारुती ईको. सीटा उपटून पलंग ठोकणार होतो, पण आरसी बुकात नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणून सुताराकडून सीटांवर बसेल अशी सुटी फळी करून घेतली. आम्ही दोघं गाडीत, आई खोलीत. रात्री गाडी घरगुती खानावळीच्या अंगणात लावायची, संडास-आंघोळ त्यांच्याकडे, हे फोनवरच ठरवून टाकलं.

आईचा प्रश्न वेगळाच. "तठे भाकर भेटी का?" दादर ज्वारीचं आणि कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ तिने आधीच बांधलं होतं.

खरी अडचण खाड्यांची. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, चारही ठिकाणी गाडी बोटीवर चढवायची. शेवटची बोट चुकली की रात्र अलीकडेच, नाहीतर लांबचा वळसा. या बोटीला तिकडे 'जंगल' म्हणतात. आईला वाटलं, वाटेत अरण्यच आहे.

आणि आईला हवी होती हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या खडकांवरून घालायची. मी पौर्णिमा धरली होती, दुपारी बाराला पोहोचायचं. खानावळवाले काका फोनवर हसले. "अहो, तेव्हा ऐन उधाणाची भरती. ती वाट ओहोटीतच चालायची. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. सहा तासांनी ओहोटी."

फोन स्पीकरवर होता. आई उठली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेली. षष्ठी, म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, साडेदहा-पावणेअकराला ओहोटी. तिने त्या चौकटीला पेनाने गोल केला. माझी वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहावी लागली. मुक्काम, बोटी, निघायची तारीख, सगळं त्या गोलापासून उलटं मोजत.

षष्ठीला अकराच्या आत आम्ही डोंगरामागच्या खडकांवर उतरलो. पाणी खूप खाली गेलं होतं. आई पदर खोचून पुढे चालत होती. मध्येच थांबून मागे बघत म्हणाली, "तुन्हा वहीमा व्हतं का हाई?"