माइकमध्ये शिरलेली हार्ड डिस्कची घरघर

व्हॉइस-ओव्हरचं काम करणाऱ्या एका ताईंचा डेस्कटॉप आमच्याकडे आला. तक्रार अशी की रेकॉर्डिंगमध्ये खालच्या पट्टीत घूं घूं ऐकू येते, आणि ती एकसारखी नसते, दर दोन-तीन सेकंदांनी चढते-उतरते. आधीच्या दुरुस्तीत फॅन बदलून झाले होते, साइड पॅनेलला आतून महागडा फोमही चिकटवला होता. त्या फोमने काही होणार नव्हतं. बोटभर जाडीचा फोम किणकिण आणि सूं सूं शोषतो, इतका खालचा आवाज त्यातून सरळ निघून जातो.

कोणत्या पट्टीत आवाज किती मोठा ते आलेखात दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये टोक दिसलं १२० हर्ट्झला. इथेच अर्धं निदान झालं. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण १०० ला दिसते. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) डिस्क मात्र सेकंदाला बरोबर १२० फेरे घेते. केजमध्ये, म्हणजे डिस्क बसवायच्या पत्र्याच्या सांगाड्यात, अशा दोन डिस्क शेजारी-शेजारी होत्या. दोघींचा वेग केसभर वेगळा असतो, म्हणून आवाज चढतो-उतरतो. खात्री करायला मशीन बंद केलं, डिस्क थांबेपर्यंत अर्धा मिनिट जाऊ दिलं, दोन्ही डिस्क केजबाहेर काढून जाड स्पंजवर ठेवल्या आणि पुन्हा सुरू केलं. घूं घूं गायब. म्हणजे डिस्क स्वतः फारशी वाजत नव्हती, पत्रा वाजत होता. (डिस्क फिरत असताना हातात उचलून हलवू नये.)

गंमत म्हणजे केजला रबरी वॉशर होते. पण साधे स्क्रू इतके पिळले होते की रबर पापडासारखं चपटं झालं होतं. रबर दबलं की ताठ होतं आणि कंपन सरळ पत्र्यात जातं. हिशोब सोपा आहे: वजनाने आधार १ मिमी दबला तर त्याची स्वतःची कंप्रता (सेकंदाला किती वेळा हलतो ते) सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिमी दबला तर ८. ही कंप्रता १२० च्या जितकी खाली, तितकं कंपन कमी पोहोचतं. ती ८५ च्या वर गेली तर आधार कंपन अडवण्याऐवजी वाढवतो. वॉशर वापरायचेच असतील तर पायरीचे स्क्रू घ्यावेत. त्यांची पायरी धातूला टेकते आणि रबर मोकळं राहतं.

कॅबिनेट जुनं, त्यामुळे डीव्हीडीचे दोन कप्पे रिकामे होते. कप्पा १४६ मिमी रुंद आणि डिस्क १०१.६, म्हणजे दोन्ही बाजूंना २२ मिमी मोकळे. कप्प्याच्या भोकांच्या धारा कानशीने मारल्या, नाहीतर इलॅस्टिक कापलं जातं. मग पुढे एक आणि मागे एक असे इलॅस्टिकचे आठच्या आकड्यासारखे वेढे घेतले आणि डिस्क त्यांच्या पिळात आडवी बसवली. चड्डीच्या नाडीचं इलॅस्टिक उन्हाळ्यात ढिलं पडतं, ३-४ मिमीची सिलिकॉन दोरी टिकते. दुसरी डिस्क तळाशी, दोन्ही लांब कडांखाली मऊ फोमच्या २० मिमी रुंद पट्ट्या देऊन ठेवली. मधला सर्किट बोर्ड मोकळा हवा, आणि हवेचं बारीक भोक असेल तर ते झाकायचं नाही.

एवढं करूनही थोडी घरघर उरली. कारण एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) ताठ पॉवर केबल, तीच पुलासारखी कंपन पत्र्यात नेत होती. केबलला ढिला वळसा दिला आणि साइड पॅनेलला लागणारी सॅटा (डेटाची) वायर बाजूला बांधली.

टांगलेल्या डिस्कची उष्णता पत्र्यात जात नाही, हे बहुतेकजण विसरतात. तासभर फाइल कॉपी चालू ठेवली तर तापमान ३८ वरून ४७ अंशांवर गेलं. पुढे १२० मिमीचा फॅन ७०० आरपीएमवर लावला, तेव्हा ते ४० वर आलं. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदीत, ५ क्रमांकाची (बदललेले खराब सेक्टर) आणि १९७ क्रमांकाची (संशयित सेक्टर) मोजणी शून्यच होती. ती वाढत असती तर आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

कॅबिनेटवर स्टिकर लावून दिलं: गाडीतून नेण्याआधी दोन्ही डिस्क काढून केजमध्ये स्क्रूने घट्ट बसवा.