टीबी शोधायला पाठवलेली चरबी

मे महिन्यात सोलापुरात माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ब्लॉकमधलं, म्हणजे नमुना ज्यात बसवून कापतात ते मेणसुद्धा मऊ पडतं, आणि नेमका तेव्हाच चरबीचा नमुना येतो. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखानदाराचा. वय 46, उंची 168 सेंटिमीटर, वजन 92 किलो. बेंबीच्या हर्नियात ओमेंटम अडकलं होतं. ओमेंटम म्हणजे आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबी. सर्जनने तिचा सात सेंटिमीटरचा तुकडा कापून पाठवला होता. सोबतच्या फॉर्मवर दोन रेघा मारून लिहिलं होतं: टीबी?

शंका अगदीच हवेतली नव्हती. सहा महिने ईएसआर (तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग, शरीरात दाह असला की वाढतो) 38च्या आसपास, भावाला पूर्वी टीबी झालेला. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. तरी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. दुसरा सुरू व्हायचं कारण म्हणजे सीआरपी, रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन, ‘दहापट वाढला’. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. पहिल्यावर 1.1, दुसऱ्यावर 11.4. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरा प्रति लिटर. पहिलाही लिटरमागे 11च होता, म्हणजे वाढ जवळपास नव्हतीच! लॅब बदलली, एकक बदललं, आणि ते कोणी वाचलंच नाही.

चरबीच्या नमुन्यात घाई केली की काम बिघडतं. जाड तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर आतला भाग कच्चा राहतो, मेण आत शिरत नाही आणि मायक्रोटोमवर (पातळ छेद घ्यायच्या यंत्रावर) काप फाटतो. म्हणून तीन-तीन मिलिमीटरचे काप केले, ताज्या 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये आणखी एक दिवस ठेवले, ब्लॉक बर्फावर गार करून मग पाच मायक्रॉनचे छेद घेतले. हर्नियात दाबल्यामुळेही मेदपेशी मरतात, त्यामुळे अडकलेल्या टोकाबरोबर लांबच्या, न दबलेल्या कडेचाही भाग घेतला. हे केलं नसतं तर पुढचा निष्कर्ष काढायची माझी हिंमत झाली नसती.

स्लाइडवर चरबी दिसतच नाही. अल्कोहोल आणि झायलीन ती धुऊन नेतात, मागे रिकाम्या गोलांची जाळी उरते. इथले गोल मोठे होते, कित्येक 100 मायक्रॉनच्या वर. आणि मधेच एखाद्या गोलाभोवती मॅक्रोफेजचं, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशींचं पूर्ण कडं, मुकुटात खडे बसवावेत तसं. पॅथॉलॉजीत या रचनेचं नावच मुकुटावरून पडलं आहे. काही ठिकाणी मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून मोठी, अनेक केंद्रकांची पेशी झाली होती. फसायला होतं ते इथे. घाईत पाहणारा तिला टीबीची गाठ म्हणेल. पण टीबीच्या गाठीत लांबट एपिथेलिऑइड पेशी दाटीने बसतात आणि मधोमध पनीरासारखा चुरा असतो. इथे मधोमध फक्त मेलेल्या मेदपेशीची पोकळी. दूरच्या कडेलाही हेच चित्र. टीबीचे जंतू दाखवणाऱ्या झील-नील्सन रंगात जंतू दिसले नाहीत. तेवढ्यावरून टीबी नाही असं म्हणता येत नाही, त्यामुळे भिस्त रचनेवरच होती. कडी कोणत्या पेशींची हे पक्कं करायला सीडी68, म्हणजे मॅक्रोफेज रंगवणारी तपासणी, बाहेर पाठवली. कडी तपकिरी उमटली, म्हणजे मॅक्रोफेजच.

सर्जनचा फोन आला, “मॅडम, एकेटी, टीबीची औषधं, सुरू करू?”

“थांबा,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मेदपेशी फुगत गेली की केशवाहिनीतला ऑक्सिजन तिला पुरत नाही. ती मरते. तिच्यातला तेलाचा थेंब एका मॅक्रोफेजला गिळवत नाही, म्हणून दहा-वीस जण घेरून कुरतडत बसतात आणि तेवढा वेळ टीएनएफ-अल्फा, आयएल-6 ही दाह पेटवणारी निरोप्या प्रथिनं सोडत राहतात. आयएल-6 यकृताला सीआरपी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवायला लागणारं प्रथिन) बनवायला लावतं. फायब्रिनोजेन वाढलं की तांबड्या पेशी नाण्यांसारख्या चिकटतात आणि ईएसआर चढतो. सीआरपी आणि ईएसआर, दोन्ही एकाच चरबीमुळे वाढलेले. टीएनएफ-अल्फा इन्सुलिनचा निरोपही पेशीच्या आतच अडवतो. या कारखानदारांची एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 6.2 होती, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा सापडल्याचं 1993 मध्येच छापून आलं. तिथे मॅक्रोफेज गर्दी करतात हे 2003 मध्ये कळलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं: टीबीचा पुरावा नाही. ऑपरेशनने सीआरपी आपोआप वाढतो, त्यामुळे तपासणी सहा आठवड्यांनी, एकाच लॅबमध्ये. कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. ती 108 सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 आहे.

रिपोर्ट घ्यायला कारखानदार स्वतः आले. “मॅडम, पोट उघडलंच होतं, तर सगळी चरबी काढून टाकायची ना!” प्रश्न चांगला होता. 2004 मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात 15 स्त्रियांच्या पोटावरची, कातडीखालची सुमारे दहा-दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली होती. दहा-बारा आठवड्यांनी ना सीआरपी हलला, ना इन्सुलिनचं काम सुधारलं. काढलेल्या पेशी गेल्या, पण उरलेल्या तेवढ्याच फुगलेल्या राहिल्या. खाणं कमी आणि चालणं जास्त केलं की पेशी बारीक होतात, हा फरक त्यांना कागदावर गोल काढून दाखवला.

डिसेंबरात नवे रिपोर्ट घेऊन आले. वजन 84, सीआरपी 4.6, ईएसआर 22. सीआरपीच्या पुढच्या ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’भोवती त्यांनी निळ्या पेनाने गोल केला होता.