आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाची तपासणी : माझा अनुभव

बाणेर-पाषाण भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या संमतीपत्राची मुदत संपत आली, तेव्हा नूतनीकरणाचे काम व्यवस्थापक समितीने माझ्याकडे सोपवले. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने पाण्याची तपासणी मला नवी नव्हती. पण तळघरातल्या टाक्या, पंप आणि पाइपांच्या जाळ्यात उभे राहून हा प्रकल्प खरोखर चालतो की नाही हे ठरवण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. अर्ज भरणे, शुल्क भरणे आणि कागद जोडणे हे सारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर होते आणि त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. मंडळाचे अधिकारी येण्यापूर्वी आम्ही स्वतः जी तपासणी केली, ती मात्र सविस्तर लिहावी असे वाटते, कारण पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या तळघरांत असेच प्रकल्प आहेत.

सुरुवात मी जुने संमतीपत्र वाचण्यापासून केली. आमचे बांधकाम 20,000 चौरस मीटरपेक्षा जास्त असल्याने पर्यावरण मंजुरी आणि 1974 च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखालील संमती, दोन्हींच्या अटी आम्हाला लागू होत्या. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेप्रमाणे पुण्यासारख्या महानगरात प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचे माप) लिटरला 20 मिलीग्रॅमपर्यंत चालतो. आमच्या संमतीपत्रातली मर्यादा मात्र 10 मिलीग्रॅमची होती, आणि प्रकल्पावर बंधनकारक आकडा तोच. शिवाय प्रक्रिया केलेल्या पाण्यापैकी 60 टक्के पाणी फ्लशिंगसारख्या कामांसाठी पुन्हा वापरावे आणि उरलेले बागेला किंवा महापालिकेच्या मलवाहिनीला द्यावे, अशीही अट होती. हे संमतीपत्र सोसायटीच्या कपाटात इतर करारांच्या खाली पडलेले होते आणि देखभालीचा ठेका घेतलेल्या कंपनीकडे त्याची प्रतही नव्हती.

त्यानंतर प्रकल्पात किती पाणी यायला हवे, याचा हिशेब मांडला. आमच्याकडे 180 सदनिका आणि सुमारे 650 रहिवासी आहेत. माणशी रोज 135 लिटर पाणी धरले आणि त्यातले साधारण 85 टक्के सांडपाण्यात जाते असे मानले, तर दिवसाला जवळपास 75 घनमीटर सांडपाणी यायला हवे. प्रकल्पाच्या शेवटी बसवलेल्या मीटरवर सरासरी 40 घनमीटरच दिसत होते. माणसे गावाला जातात, मीटर कमी दाखवतो, अशी कारणे देता येतात. पण एवढा फरक त्यांनी भरून निघत नाही.

दुसरा धागा विजेच्या मीटरने दिला. नोंदवहीत ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, रोज 20 तास चालल्याचे लिहिलेले होते. साडेसात अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने 20 तास चालली, तर एकटी ती दिवसाला 110 युनिटच्या आसपास वीज घेते. भार कमी धरला तरी 80 युनिटच्या खाली जाणे कठीण. प्रकल्पाचा स्वतंत्र मीटर सगळ्या पंपांसह दिवसाला 40 युनिट दाखवत होता. नोंदवहीत पीएच तर महिनोन्‌महिने 7.2 होता, दिवाळीच्या दिवशीसुद्धा. मी ऑपरेटरला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, पहिल्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. रात्री दहानंतर ब्लोअर बंद ठेवायला सांगितलंय, आणि दुपारीही लोक झोपलेले असतात.” त्याला दोष देण्यात काही अर्थ नव्हता. ब्लोअर बंद ठेवायला सांगणारे आपणच आणि पाण्याला वास येतो म्हणून ओरडणारेही आपणच, हे मी समितीच्या बैठकीत स्पष्टपणे मांडले.

ज्या टाकीत हवा सोडली जाते, ती एअरेशन टँक नीट बघता आली तर निम्मी तपासणी तिथेच होते. आमच्या टाकीत एका कोपऱ्यात मोठमोठे बुडबुडे उसळत होते आणि उरलेला पृष्ठभाग जवळजवळ निश्चल होता, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या तळाच्या काही डिफ्यूझरचे रबरी पडदे फाटले होते आणि सगळी हवा तिथूनच निसटत होती. टाकीतले पाणी एक लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास स्थिर ठेवले. चांगल्या टाकीत तपकिरी, कापसासारख्या पुंजक्यांचा गाळ सावकाश बसतो, त्यावर नितळ पाण्याचा थर येतो, आणि बसलेला गाळ साधारण 250 ते 400 मिलीलिटरच्या खुणेपर्यंत भरतो. आमच्या सिलिंडरमध्ये तळाशी 60 मिलीलिटर काळपट गाळ होता, वरचे पाणी गढूळ होते आणि कुजलेल्या अंड्यांचा वास येत होता. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलीग्रॅमच्या आसपास हवा. मीटरवर तो 0.3 होता. सांडपाणी शुद्ध करतात ते जिवाणू, आणि आमच्या टाकीत त्यांना श्वास घेण्यापुरतीही हवा नव्हती. असे असूनही शेवटच्या टाकीतले पाणी डोळ्यांना बरेच स्वच्छ दिसे, कारण वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर गढूळपणा काढत होता आणि हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक वास दाबत होते.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो गाळाचा प्रश्न, आणि कोणत्याही सोसायटीने आधी तोच विचारावा असे माझे मत आहे. सांडपाण्यातली घाण नाहीशी होत नाही. तिच्यातला बराचसा भाग जिवाणू खातात आणि त्यातून त्यांची वाढ होते, म्हणून जास्तीचा गाळ सतत बाहेर काढावाच लागतो. आमच्याइतक्या सांडपाण्यात, बीओडी लिटरला 250 मिलीग्रॅम धरला तर, दिवसाला साधारण 18 ते 19 किलो बीओडी येतो, आणि त्यावर प्रक्रिया झाली की सहा-सात किलो कोरडा गाळ तयार होतो. गाळ कापडांत दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघणाऱ्या ओल्या वड्यांत सुमारे 80 टक्के पाणीच असते, हे धरले तर महिन्याला जवळपास टनभर ओला गाळ निघायला हवा. आमचा फिल्टर प्रेस गंजलेला होता, त्याची कापडे कडक वाळलेली होती, आणि गाळ उचलून नेल्याची एकही पावती नव्हती. हा गाळ गेला कुठे, या प्रश्नाला ठेकेदाराकडे उत्तर नव्हते.

अर्धी वीज, अर्धे पाणी आणि शून्य गाळ या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. संस्थेच्या प्लंबरला घेऊन आम्ही समतोल टाकीपासून, म्हणजे येणारे कच्चे सांडपाणी आधी साठते त्या टाकीपासून, निघणारा प्रत्येक पाइप शोधला. भिंतीलगत, जुन्या रंगाच्या डब्यांच्या मागे एक व्हॉल्व्ह सापडला. नकाशात तो कुठेच नव्हता. समतोल टाकीत फ्लुओरेसिन हा चमकदार रंग थोडा मिसळून आम्ही आवाराच्या कडेला पावसाळी गटाराच्या चेंबरवर उभे राहिलो. काही मिनिटांतच चेंबरमधले पाणी झगझगीत हिरवे झाले. टाकी भरत आली की तिच्यातले कच्चे सांडपाणी थेट पावसाळी गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून रामनदीत जात होते. रामनदी बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी येऊन मुळेला मिळते, पुढे संगमावर मुळा आणि मुठा एकत्र होतात, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. सोलापूरकर तेच पाणी पितात. नदी इतकी घाण का, असे आपण पुलावरून जाताना म्हणतो. त्या चेंबरवर उभे राहिल्यावर मला त्याचे उत्तर फार जवळून दिसले आणि अतिशय वाईट वाटले. दुसऱ्याच दिवशी तो पाइप कापून दोन्ही टोके कायमची बंद केली. हे कोणाला कळू देऊ नये असे समितीतल्या काहींचे म्हणणे होते. मी मात्र कापण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे फाइलला लावली.

दुरुस्तीच्या काळातला एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. संकलन टाकीतल्या पंपात चिंध्या अडकल्या होत्या आणि ठेकेदाराचा पर्यवेक्षक एका मुलाला दोरी बांधून आत उतरवायला निघाला होता. मी ते काम जागच्या जागी थांबवले. अशा टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, त्यामुळे “वास येत नाही, म्हणजे काही नाही” हा समज जीव घेतो. मलटाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसांना उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या घरातल्या सांडपाण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. पंप साखळीने वर ओढून घेतला आणि चिंध्या बाहेर काढल्या. पुढे सगळे पंप बाहेरूनच वर घेता येतील अशा सरकत्या गाइडवर बसवले आणि टाकीपाशी वायू मोजणारे उपकरण ठेवले.

बाकीच्या दुरुस्त्या खर्चिक असल्या तरी सरळ होत्या. डिफ्यूझर बदलले, ब्लोअरखाली रबरी पॅड घातले आणि त्याभोवती ध्वनिरोधक आच्छादन केले, त्यामुळे रात्रीच्या तक्रारी थांबल्या. टाकीत शेण टाकून जिवाणू वाढवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण शेजारच्या सोसायटीचा प्रकल्प उत्तम चालत असल्याने तिथला ताजा गाळ टँकरने आणणे मला योग्य वाटले. त्यानंतर सिलिंडरमधला गाळ आठवड्यागणिक वर चढत गेला, काळ्याचा तपकिरी झाला, आणि 300 मिलीलिटरच्या खुणेवर आला तेव्हा टाकीतल्या घन पदार्थांचे प्रमाण प्रयोगशाळेत लिटरला 3000 मिलीग्रॅम भरले.

नमुने पर्यावरण मंत्रालयाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच घेतले आणि ते सकाळी, म्हणजे पाणी सर्वांत जास्त येते त्या वेळी घ्यायला सांगितले. जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट असते; ते नसेल तर पाण्यातले क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटल्या बर्फाच्या पेटीत गेल्या की नाही, हेही मी पाहिले. बीओडीच्या चाचणीत नमुना 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात, म्हणून आज नमुना घेतला आणि उद्या अहवाल हातात आला असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. आमचा बीओडी 8 आला.

मंडळाचे क्षेत्र अधिकारी आले ते पूर्वसूचना न देता, आणि हीच रीत योग्य आहे. त्यांनी आधी वीज आणि पाण्याच्या मीटरची नोंद मागितली, मग म्हणाले, “गाळाच्या पावत्या दाखवा.” आम्ही बंद केलेल्या पाइपाची छायाचित्रे स्वतःहून समोर ठेवली, त्यांनी ती जागा प्रत्यक्ष पाहून अहवालात नोंदवली. नमुना आमच्यासमोर घेऊन दोन भागांत विभागला, दोन्ही बाटल्यांना मोहोर लावली आणि त्यावर दोघांच्याही सह्या झाल्या. कायद्याने आपल्याला हा दुसरा भाग मिळण्याचा हक्क आहे, तेव्हा तो मागायला संकोच करू नये.

नूतनीकरण झाले, आणि त्यासोबत प्रवाह मीटरचे कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करण्याची अटही आली. देखभालीचा करार आम्ही नव्याने लिहिला असून ठेकेदाराचे मासिक देयक आता गाळाची पावती, विजेचे युनिट आणि सिलिंडरच्या चाचणीचे आकडे पाहूनच मंजूर होते. दर शनिवारी समितीतला एक सदस्य ऑपरेटरसोबत ती चाचणी करतो. दोन इमारतींच्या फ्लशिंगच्या जुन्या पाइपांत अजून गाळ अडकतो, त्यामुळे 60 टक्के पुनर्वापराची अट तिथे पूर्णपणे पाळली जात नाही. ते पाइप बदलण्याचा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे.