काच दुधाळ होऊ न देता स्फटिक वाढवताना

अदृश्य लेसरवर हिरवी उजळणारी एर्बियम-यटर्बियमची काच-सिरॅमिक (आत कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक वाढवलेली काच) करायची तर मी ऑक्सिफ्लोराइड, म्हणजे ऑक्साइड आणि फ्लोराइड दोन्ही असलेलं, मिश्रण घेतो: मोल टक्क्यांत सिलिका 45, अ‍ॅल्युमिना 20, कॅल्शियम ऑक्साइड 10, कॅल्शियम फ्लोराइड 25. वीसेक ग्रॅम काचेसाठी सिलिका 7.45, अ‍ॅल्युमिना 5.62, कॅल्शियम कार्बोनेट 2.76 आणि कॅल्शियम फ्लोराइड 5.38 ग्रॅम लागतं. त्यावर एर्बियम फ्लोराइड 0.31 आणि यटर्बियम फ्लोराइड 1.27 ग्रॅम. भुकट्या आधी ओव्हनमध्ये वाळवायच्या. ओल राहिली तर हायड्रॉक्सिल काचेत शिरतं आणि प्रकाश गिळतं.

मूस प्लॅटिनमची, झाकणासकट. अ‍ॅल्युमिनाची चालते, पण तिचा अंश वितळीत उतरतो आणि प्रमाण बदलतं. 1400 अंश सेल्सिअसला पाऊण तास पुरे. जास्त ठेवलं तर फ्लोरिनची सिलिकाशी अभिक्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड उडून जातं. मग स्फटिकांना फ्लोराइडच उरत नाही. हा वायू विषारी असतो, म्हणून भट्टीला सक्षम धूरशोषक हवाच. वितळ तापवलेल्या पितळी साच्यात ओतून लगेच अनीलिंगच्या (सावकाश थंड करून ताण घालवण्याच्या) भट्टीत सरकवायची. हयगय झाली की तडा जातो.

खरी कसोटी पुढच्या, स्फटिक वाढवणाऱ्या तापवणीची. तापमान पुस्तकातून उचलू नये, आपल्याच काचेच्या डीटीए रेषेवर (तापवताना उष्णतेतला फरक नोंदवणाऱ्या आलेखावर) पाहावं. काचांतर (काच मऊ होऊ लागते ते तापमान) आणि पहिलं स्फटिकीकरण शिखर यांच्या मधे, शिखराच्या पायथ्यापाशी मी दोन तास ठेवतो. शिखरावर गेलं की कण फुगतात. कण लहान असेपर्यंत एका कणाचं विकिरण (प्रकाश विखुरणं) त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतं, त्यामुळे त्रिज्या दुप्पट झाली की विकिरण चौसष्टपट! काच दुधाळ व्हायला दहा-वीस अंशही पुरतात.

क्ष-किरण आलेखात 28.3, 47 आणि 55.8 अंशांच्या कोनांना (2θ) कॅल्शियम फ्लोराइडची रुंद शिखरं दिसली पाहिजेत. हे कोन तांब्याच्या क्ष-किरणांसाठीचे; त्यांवर पहिल्या शिखराची रुंदी उपकरणाचा वाटा वजा करून अर्धा अंश निघाली, तर कण साधारण 16 नॅनोमीटरचे. पण एर्बियम त्या स्फटिकांत शिरलं का, हे यातून थेट कळत नाही. ते वर्णपटातून पाहावं: 980 नॅनोमीटरच्या लेसरवर 545 जवळचा हिरवा पट्टा मूळ काचेत पसरट असतो, एर्बियमचा आयन स्फटिकात गेला की त्यात बारीक कंगोरे फुटतात आणि तेज कितीतरी वाढतं. पट्टा पसरटच राहिला तर काच कितीही स्वच्छ दिसो, आयन बाहेरच आहेत. हा लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा आधी, लेसरचं बटण मागून.