वडिलांची जावा
म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली वडिलांची २५० सीसी जावा मोटरसायकल १४ वर्षे पडवीत उभी होती. ती दुरुस्त करायला घेतली तेव्हा रंगाआधी मी इंजिन उतरवले, कारण टू-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकचे (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे फट बंद ठेवणारी रबरी कडी, कडक झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. गिअरचाच दांडा आत दाबून मागे वळवला की किक होतो, ही रचना मला आजही विलक्षण वाटते. कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्याने मूळ सुटे भाग शोधण्यातच बराच काळ गेला. टाकीवरच्या सोनेरी रेघा मात्र स्टिकर न लावता ब्रशनेच ओढून घेतल्या. वळणावर त्यांची जाडी किंचित बदलते, आणि जुन्या रंगाखालीही ती तशीच दिसली होती. वायरिंग अजून बाकी आहे.