पाटी आहे, बिल्ला नाही : आमची वाटचाल

खाजगी तपास हा आमचा धंदा. पुण्यात ऑफिस थाटलं तेव्हा बँकेत चालू खातं उघडतानाच पहिला प्रश्न आला, ‘डिटेक्टिव्हचं लायसन्स कुठाय?’ गुमास्ता (दुकान-ऑफिसच्या नोंदणीचा कागद) दाखवला, पॅन दाखवलं, साहेबांचं समाधान होईना. असा परवानाच देशात निघत नाही, हे त्यांच्या गळी उतरवताना घाम फुटला. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांना 2005 चा कायदा लागू आहे. आमच्यासाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. त्यामुळे ना शिक्षणाची अट, ना परीक्षा. कुणीही उठावं आणि पाटी लावावी. लावतातही!

गिऱ्हाईक मात्र आम्हाला अर्धे पोलीसच समजतं. भोसरीच्या एका कारखानदाराच्या गोदामातून तांब्याची तार गायब होत होती. संशय ड्रायव्हरवर. मालक म्हणाले, ‘उचला त्याला, दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलेल.’ त्यांना म्हटलं, ‘शेठ, तसं केलं तर तो बाहेर राहील आणि आत आपण जाऊ.’ सामान्य नागरिकाला जेवढे अधिकार, तेवढेच आम्हाला. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम 40 प्रमाणे माणसाला धरता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. झडती, जप्ती, चौकशीला बोलावणं यांतलं काहीच आमच्या हातात नाही. ‘क्राइम ब्रँचमधून आलोय’ अशी थाप मारली की भारतीय न्याय संहितेचं तोतयागिरीचं कलम 204 लागलंच.

मग आमची पोरं समोरच्या चहाच्या टपरीवर बसली. टेम्पोचा नंबर, गेटमधून निघाल्याची वेळ, भंगारवाल्याकडे थांबल्याची वेळ, सगळं वहीत. फोटो रस्त्यावर उभं राहूनच काढले. ज्या मोबाइलने काढले तो तसाच ठेवला, पुसला-बिसला नाही. फिर्याद मालकांनी दिली, पुढचा तपास पोलिसांचा.

फोटोपेक्षा त्यामागचा कागद महत्त्वाचा. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत, ती कशी आणि कोणत्या उपकरणातून निघाली हे सांगणारं प्रमाणपत्र हवंच. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली, हॅश व्हॅल्यूसकट (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) द्यावं लागतं. म्हणून नवीन मुलगा घेताना कराटे येतं का हे मी विचारत नाही. अक्षर आणि उलटतपासणीत टिकण्याची तयारी बघतो.

‘बायकोचे कॉल डिटेल्स काढा’ म्हणणारे अजूनही येतात. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर (कॉल डिटेल्सच्या नोंदी) बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खाजगी गुप्तहेरांनाच अटक केली होती, तेव्हा आमच्या लाइनीत बऱ्याच जणांचे फोन अचानक बंद लागायला लागले. ही कामं आम्ही घेत नाही. दुसरीकडे होतं म्हणतात, तर जा बाबा दुसरीकडे.


सध्या निम्म्याहून जास्त कामं वकिलांकडून आणि विमा कंपन्यांकडून येतात. करारात पहिलीच ओळ असते : कायद्याबाहेरची माहिती मिळणार नाही, आणि त्यापोटी ॲडव्हान्सही परत मिळणार नाही.