शेडमधल्या शेव्हर्लेची रास्त किंमत

वर्षानुवर्षे बंद पडून असलेल्या जुन्या गाडीचा व्यवहार फिसकटतो तो बहुधा आकड्यावरून नव्हे, तर त्या आकड्यात कोणी काय काय घातले आहे यावरून. विकणारा आजोबांची आठवण आणि चाळीस वर्षे जागा अडवल्याचे व्याज, दोन्ही किमतीत धरतो. घेणारा ‘हिला उभी करायला दहा लाख लागतील’ असे सांगून किंमत पाडतो, आणि त्या दहा लाखांत त्याला हवी असलेली चामड्याची सीट, क्रोमची झळाळी आणि प्रदर्शनात बक्षीस मिळेल असा रंग हेही असते. पहिल्याच्या आठवणीचे पैसे दुसऱ्याने देऊ नयेत आणि दुसऱ्याच्या हौसेचा खर्च पहिल्याच्या खिशातून वळता होऊ नये, एवढे सांभाळले तर रास्त किंमत काढणे वाटते तितके अवघड राहत नाही.

हे लिहिण्याचे निमित्त म्हणजे फलटण भागातील एका बागायतदार कुटुंबाच्या शेडमध्ये उभी असलेली 1951 सालची शेव्हर्ले 3100, अर्ध्या टनाची पिकअप. घेऊ इच्छिणारा माझा पुण्याचा मित्र आहे आणि विकणारे दोघे भाऊ आमच्या दूरच्या नात्यातले आहेत. उद्या लग्नकार्यात भेट झाली तर कोणाला कोणाचे तोंड चुकवावे लागू नये, असा आकडा मी सांगावा, अशी दोन्ही बाजूंची इच्छा होती.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हे थोडे सांगायला हवे, कारण त्याचा किमतीशी थेट संबंध आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि सुटे भाग आणून तेथे शेव्हर्लेच्या मोटारी व ट्रक उभे केले जात. भारतातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी केवळ जुळणी करू नये, असे धोरण 1953 मध्ये ठरले आणि 1954 मध्ये शिवडीचे काम थांबले. 1947 ते 1953 या काळातील गोलसर बोनेटाची आणि आडव्या पट्ट्यांच्या जाळीची जी शेव्हर्ले पिकअप अमेरिकेत घरोघरी होती, ती आपल्याकडे आली उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि मोजक्याच संख्येने. पुष्कळ गाड्या नुसत्या चॅसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, रूपात विकल्या जात आणि मागचा माल ठेवायचा हौदा गावातला किंवा शहरातला सुतार-लोहार बांधून देई. फलटणच्या गाडीचा हौदा मात्र कंपनीचाच, दाबलेल्या पत्र्याचा आहे, आणि मागच्या फाळक्यावरची उठावातली अक्षरे रंगाच्या थरांखाली अजून बोटाला लागतात.

भावांनी सांगितलेली किंमत आठ लाख होती. तिचा उगम विचारला तेव्हा धाकट्याने मोबाइलवर अमेरिकेतील एक जाहिरात दाखवली आणि डॉलरचे रुपये करून सांगितले. हा हिशेब मी ताबडतोब बाजूला ठेवायला सांगितला. अमेरिकेत ही गाडी विकत घेणाऱ्याला तिचे बहुतेक सगळे नवे सुटे भाग घरपोच मिळतात, मडगार्डापासून हौद्याच्या फळ्यांपर्यंत. आपल्याकडे तेच भाग मागवले तर जहाजाचे किंवा विमानाचे भाडे आणि सीमाशुल्क वर पडते, आणि उजव्या हाताच्या गाडीचे जे खास भाग आहेत, म्हणजे स्टिअरिंग बॉक्स, पेडलची जोडणी, डॅशबोर्डचा पत्रा, ते तेथील दुकानांत मिळण्याची आशा धरू नये. शिवाय तेथील ग्राहक फलटणला येणार नाही. बाजार जेथे आहे तेथलाच भाव धरावा लागतो.

पाहणीला गेल्यावर मी इंजिनाकडे सर्वांत शेवटी वळतो. लोक उलट करतात. ‘चालू होईल का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. इतकी वर्षे बंद असलेली गाडी चालू झाली तरी इंजिन उघडावेच लागणार आहे, त्यामुळे त्या प्रश्नाच्या उत्तराने किंमत फारशी हलत नाही. ती हलते पत्र्याने.

या गाडीच्या केबिनचे मागचे दोन खालचे कोपरे, दारांचे तळ, दाराखालच्या पायऱ्यांचा भाग आणि पायाखालचा पत्रा ही गंजण्याची ठरलेली ठिकाणे आहेत, कारण तेथे पाणी आणि धूळ साचून राहते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक केबिनच्या कडेने फिरवले तर जेथे पत्रा गेला आहे आणि वर लांबी (पुट्टी) भरली आहे तेथे ते पकड सोडते. डाव्या कोपऱ्यात तसेच झाले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर आवाज बद्द आला आणि टोक जरा दाबताच लांबीचा तळहाताएवढा ढलपा निघून आला. आत पत्र्याची नुसती जाळी उरली होती. मोठे बंधू किंचित नाराज झाले, पण ती पाहणी त्यांच्यासमोरच होणे आवश्यक होते. उजवा कोपरा मूळचा आणि घट्ट निघाला, हेही मी त्यांच्यासमोरच सांगितले.

फलटणची हवा कोरडी असल्यामुळे एकंदर पत्रा मला बरा आढळला. हीच गाडी रत्नागिरीला इतकी वर्षे उभी राहिली असती तर कदाचित चॅसिसचीच चिंता करावी लागली असती. तरीही शेतावरच्या शेडचा एक धोका शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. गाडीच्या उजव्या बाजूला खताच्या पोत्यांची थप्पी वर्षानुवर्षे लागत आली होती. रासायनिक खत हवेतील ओल ओढून घेते आणि त्या खारट ओलीत लोखंड झपाट्याने जाते. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) उजवे शॅकल, म्हणजे पाटे चॅसिसला जोडणारी कडी, आणि त्याजवळचा चॅसिसचा भाग पापुद्रे सुटलेला होता, डावी बाजू मात्र जवळजवळ स्वच्छ होती. पहारीने खरवडल्यावर आतला जाड पत्रा शाबूत दिसला, म्हणून तेथे चॅसिस कापून जोडण्याचा खर्च मी धरला नाही.

इंजिन मूळचे, सहा सिलिंडरांचे, 216 घनइंचाचे म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे असल्या असंख्य गाड्यांत पर्किन्सची किंवा मिळेल ती डिझेल इंजिने बसवली गेली आणि मूळ इंजिने भंगारात गेली. आदल्या संध्याकाळी प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडले होते. सकाळी खालचे झाकण काढून इंजिनामागच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांना पहार लावली, तेव्हा प्रथम काहीच हलले नाही, मग किरकिर होऊन दोन बोटे फिरले आणि नंतर सावकाश पूर्ण फेरा झाला. त्यावरून इंजिन चांगले आहे असे सिद्ध होत नाही. फक्त ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ठोकळा) आणि क्रँक (त्यातला फिरता दांडा) वाचतील असे म्हणता येते, आणि किमतीसाठी तेवढे पुरते. या इंजिनाच्या, पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये बदलता येणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या नसतात, पांढरा धातू ओतून तो क्रँकच्या मापाला घासून बसवावा लागतो. ते काम जाणणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत, त्यामुळे त्याचा खर्च मी सढळ हाताने धरला. अमेरिकेतील सल्ल्यांमध्ये पाणी गोठून ब्लॉक तडकला आहे का ते पाहा, असे आवर्जून सांगितलेले असते. फलटणला ती भीती नाही.

टायर, ब्रेक, वायरिंग, रेडिएटर, पेट्रोलची टाकी यांवर वेळ घालवू नये. ते सगळे गेलेलेच आहे असे धरावे.

खरा वेळ द्यावा तो हरवलेल्या वस्तूंना. बिघडलेली वस्तू दुरुस्त होते, वाईट अवस्थेतला नमुना समोर असला तर कारागीर तशी दुसरी घडवतो, पण जी वस्तूच नाही तिच्यासाठी महिनोन्‌महिने हिंडावे लागते. मी शेडमध्येच जमिनीवर बसून यादी केली. पुढच्या काचा या मॉडेलला दोन सपाट तुकड्यांच्या असल्यामुळे कोणताही काचवाला कापून देईल. मार्च 1955 मध्ये आलेल्या पुढच्या मॉडेलची वळलेली काच फुटली असती तर चित्र वेगळे झाले असते. हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या, पण त्यांमधल्या लोखंडी पट्ट्या जागेवर होत्या, म्हणजे काम सुताराचेच उरले. जाळीची एक पट्टी, दोन्ही चाकटोप्या आणि मीटरची काच नाही. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग बॉक्स मात्र पूर्ण आणि मूळचे आहेत, आणि माझ्या दृष्टीने या गाडीची निम्मी किंमत त्या दोन गोष्टींत आहे.

आता कागद. आरसी बुक आजोबांच्या नावावर आहे, त्यांच्या पश्चात कोणीही नाव बदललेले नाही, आणि वारसांत दोघा भावांखेरीज दोन आत्याही आहेत. जुना, तीन अक्षरांचा नोंदणी क्रमांक आहे आणि त्याची संगणकात नोंद झालेली नाही, त्यामुळे आधी आरटीओमध्ये जुन्या रजिस्टरावरून ती करून घ्यावी लागेल. चॅसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, तो आणि इंजिन क्रमांक दोन्ही आरसीशी जुळले. आरसीवर नोंदणीचे वर्ष 1952 आहे, परंतु दारांना बाजूची त्रिकोणी काच आहे आणि कड्या बटणाच्या नाहीत, खाली वळवायच्या आहेत, यावरून बांधणी 1951 ची ठरते. गाडी वापरात नसल्याची सूचना आजोबांनी त्या वेळी दिली होती की नाही, याचा कागद मिळाला तर थकीत कराचा प्रश्न बराच हलका होईल.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, आणि तेव्हापासून प्रत्येक विकणारा अशा वाहनांना मिळणाऱ्या ‘व्हीए’ मालिकेच्या क्रमांकाचे आमिष दाखवतो. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राहिलेले वाहन त्यात बसते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आहे आणि ती दहा वर्षे चालते. पण ही व्याख्या वैयक्तिक, अव्यावसायिक वापराच्या वाहनांची आहे, आणि या गाडीच्या आरसीवर ‘प्रायव्हेट कॅरियर’ म्हणून मालवाहू नोंद आहे. तेव्हा या नियमाचा लाभ मिळेलच असे धरून किमतीत एक रुपयाही वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिळाला तर तो घेणाऱ्याच्या खटपटीचा.

हिशेब मी दोन्ही बाजूंसमोर कागदावर मांडला. धडधाकट, चालती, नीट रंगवलेली अशी गाडी आपल्याकडे बारा लाखांना जावी, असा माझा अंदाज. पत्र्याचे काम दोन लाख, इंजिन पावणेदोन, ब्रेक, स्टिअरिंग व पाटे मिळून एक, काचा, रबर, वायरिंग, टायर आणि हौदा दीड, साधा पण टिकाऊ रंग एक, हरवलेले भाग पाऊण. ही बेरीज आठ लाख होते. मित्राने यात चामड्याच्या सीटचे आणि क्रोमचे आकडे घालायचा प्रयत्न केला, ते मी खोडले. कागदांची अनिश्चितता आणि उघडल्यावर निघणारे अनपेक्षित काम यांसाठी दीड लाख बाजूला ठेवले. उरले अडीच लाख.

खालची मर्यादाही तपासून घेतली. गाडीचे वजन दीड टनाच्या आसपास आहे. लाकूड, काच, रबर वगळून भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला तरी चाळीस हजारांच्या आसपास येतात. भंगारवाल्याने म्हणे एकदा साठ हजार देऊ केले होते, कारण तो डॅशबोर्ड आणि इंजिन वेगळे विकणार होता. म्हणजे अडीच लाख ही मेहेरबानी नाही आणि लूटही नाही.

मोठ्या बंधूंना आकडा पटला. धाकट्याला तो अजून कमी वाटतो, आणि दुसरा ग्राहक शोधण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मित्राने इसार म्हणून पंचवीस हजार द्यावेत, आत्यांसह सर्व वारसांच्या सह्या झाल्यावर निम्मी रक्कम द्यावी, बाकीची आरसी नावावर झाल्यावर द्यावी, आणि टोचनाऐवजी सपाट ट्रकवर घालून गाडी पुण्याला नेण्याचा खर्च त्यानेच सोसावा, असे मी सुचवले आहे. धाकट्याला एवढेच सांगितले, की वारसनोंद आणि संगणकातली नोंद त्यांनी आधी स्वतः करून घेतली, तर बाजूला ठेवलेल्या दीड लाखातील एक लाख मी किमतीत परत घालीन आणि मित्राला साडेतीन लाख द्यायला सांगेन.